मीटरच बिघडलं असन

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून डायरी. पोरीच्या, म्हणजे मयुरीच्या, बँकेनं दिली होती, जानेवारीपासून कोरी पडून होती. पहिल्या पानावरचे रकाने भरले. नाव: धनराज निकुरे. हुद्दा: निवृत्त डेस्क ऑपरेटर, थर्मल पॉवर. पत्ता: दुर्गापूर, ऊर्जानगरच्या गेटपासून पायी. अडचणीत कोणाले कळवावे: गुणाबाई, बायको. ती समोरच बसून लसूण सोलून राह्यली, तिले आणखी काय कळवायचं.

उभी नोकरी कंट्रोल रूमचं लॉगबुक लिहिण्यात गेली. सगळ्या बॉयलरची तब्येत लिहिली, आपली कधी लिहिली नाई. आता लिहीन. खरं लिहायचं, थोडक्यात लिहायचं. वाचणार कोणी नाई.

युनिटची स्थिती: आतड्याचं ऑपरेशन झालं. लिव्हरवर डाग आहेत. कीमो चालू. बाकी सगळं नॉर्मल.

संकल्प: उद्यापासून सकाळी फिरणं. खर्रा, म्हणजे तमाखू-सुपारीचा घोटा, एकदम बंद. गुणावर चिडायचं नाई.

४ नोव्हेंबर

सकाळी उठलो, मफलर बांधला, गेटपर्यंत गेलो. वॉचमन म्हणे, निकुरेभाऊ, राखेच्या बांधाकडे वाघीण फिरून राह्यली, संगं पिल्लं आहेत. परत आलो. आपली तयारी पूर्ण होती, वाघिणीची नव्हती.

खर्रा: अर्धा. वाघीण दिसली असती तं काय झालं असतं, या विचारानं.

गुणावर चिडलो नाई. ती झोपली होती.

६ नोव्हेंबर

फ्रिजमधी करंट येऊन राह्यला. दूध काढाले हात घातला तं बोटं झणझणली. गुणाले ओरडून सांगतलं, फ्रिजले हात लावू नको, अर्थिंग गेली. निकेश वायरमनले बोलावलं. त्यानं टेस्टर लावला, म्हणे काका, करंट नाई. मी म्हणलं, टेस्टर खराब असन. त्यानं दुसरा काढला. तोही खराब निघाला. शेवटी लेकाच्यानं आपला उघडा हात फ्रिजले लावला अन् दात काढले.

मंग नळाच्या पाण्याचा लोटा उचलला, तं त्यातही करंट. आता लोट्याले तं वायर नाई.

गुणा म्हणे, अजी, डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं ना, या कीमोनं थंड वस्तू हाताले झोंबते म्हणून? हातमोजे दिले ना मी काढून? मी म्हणलं, मले माहीत आहे, पण अर्थिंग तपासून घेणं कधीही चांगलं.

हातमोजे घातले. लाल, लोकरीचे. त्यातून खर्र्याची पन्नी उघडता येत नाई.

१० नोव्हेंबर, सोमवार. नागपूरवरून आल्यावर

आज मार्करचा रिपोर्ट. रक्तातला एक आकडा असते, सीईए म्हणते त्याले. पाचाच्या आत पाह्यजे. मागच्या खेपी नऊवर उतरला तवा मी गल्लीत पेढे वाटले होते. आज बावीस.

आमची डॉक्टर म्हणजे नाजिया मॅडम. दिसते मयुरीएवढी, आवाज शिफ्ट इंजिनिअरचा. म्हणे, निकुरेकाका, एकट्या आकड्यावर आपण निर्णय घेत नाई, कधी कधी तो दुसऱ्या कारणानंही चढते. वा! बाई शिकलेली आहे. हे वाक्य मले इतकं पटलं की पुढचं मी नीट आयकलं नाई. सीटी स्कॅन करा, औषध चालून राह्यलं का नाई ते कळन, मंगच पुढचा डोस, असं काही तरी होतं. स्कॅनचं पाहू.

एका मीटरवर भरोसा ठेवायचा नाई, हे मले कोणी शिकवाची गरज नाई. एका पाळीत बॉयलरच्या पाण्याचं मीटर चढलं, सगळी कंट्रोल रूम 'बंद करा, बंद करा' ओरडून राह्यली. मी खुर्चीवरून हाललो नाई. म्हणलं, मीटर खराब आहे. मीटरच खराब निघालं. साहेबाच्या सहीचं प्रशस्तिपत्र हॉलमधी लावलं आहे, कॅलेंडरच्या बाजूले.

येताना बशीरभाईले हेच सांगतलं. बशीरभाई म्हणजे आमचा कंपनी बसचा जुना ड्रायव्हर, आता आपल्या व्हॅनमधी मले नागपूरले नेते आणते. तो म्हणे, और वो दूसरी बार? तू बोला मीटर खराब है, और आधा चंद्रपूर अंधारात बसला होता?

त्या खेपेचा इथी काही संबंध नाई.

निर्णय: वेळ आली तं कीमो मी आपल्या हातानं बंद करन. गुणाले अन् मयुरीले ठणकावून सांगतलं. रडारड होईन असं वाटलं होतं. मयुरी फोनवर म्हणे, बाबा, आधी स्कॅन करा. गुणानं विचारलं, पोळी गरम पाह्यजे का.

१२ नोव्हेंबर

झोपेतून उठताच उपाय सुचला. थर्मलमधी मोठ्या कामाची गोष्ट असली की तिथी एक मीटर नसते, तीन असते. तिघांपैकी दोघं म्हणाले 'धोका', तरच मशीन बंद पडते. एकटा कितीही बोंबलला तरी त्याले कोणी विचारत नाई. तीनपैकी दोन. याच्यावर अख्ख्या महाराष्ट्राचे पंखे फिरते.

माझ्या अंगाले एकच मीटर काऊन?

आज चंद्रपुरात एका लॅबमधी रक्त दिलं, मंग बशीरभाईसंगं बल्लारशाले जाऊन दुसऱ्या लॅबमधी दिलं. नागपूरचं धरून तीन झाले. दुसऱ्या लॅबवाली पोरगी म्हणे, काका, सकाळीच दिलं ना कुठी तरी, टोचल्याचं दिसून राह्यलं. मी म्हणलं, तू आपलं मीटर सांभाळ.

गुणाले सांगतलं नाई. बाईमाणूस घाबरते.

खर्रा: एक. रक्त दिल्यावर अशक्तपणा येते.

१५ नोव्हेंबर

दोन्ही रिपोर्ट आले. चंद्रपूर एकोणीस. बल्लारशा पंचवीस. नागपूर बावीस होतंच.

पाहा! तिघांचं एकमेकांशी जमत नाई. म्हणजे तिन्ही मीटर खराब.

मयुरीले फोन करून ही खुशखबर दिली. तिनं तिन्ही आकडे लिहून घेतले. मंग म्हणे, बाबा, तिन्ही पाचाच्या वर आहेत. मी म्हणलं, ते वेगळं. ती म्हणे, ते वेगळं नाई बाबा, तेच आहे. पोट्टी बँकेत लागल्यापासून आकड्यांवर लय बोलते.

आईले सांगू का, म्हणे. मी म्हणलं, अजिबात नाई. मागून गुणाचा आवाज आला, मले माहीत आहे, बशीरभाईनं सांगतलं.

माणसानं कोणाच्या व्हॅनमधी बसावं, याचाही विचार करावा लागते.

१७ नोव्हेंबर

कारण सापडलं! मोबाईलवर वाचलं की बिडी-सिगरेट पिणाऱ्याचा हा आकडा चढलेला असू शकते. बिडीत काय, तमाखू. खर्र्यात काय, तमाखू. झालं.

आता फक्त गुणाले सांगणं आलं. ऑपरेशनपासून तिच्या हिशेबानं माझा खर्रा बंद आहे. तिच्यासमोर पाटावर बसलो अन् खिशातून पन्नी काढून ठेवली. म्हणलं, गुणा, गुन्हेगार हा आहे. म्हणलं, मी चोरून खात होतो, रोज खात होतो, कधी कधी दोन. इतकं खुश होऊन कोणी चोरी कबूल केली नसन.

मले वाटलं ती चिडन. चिडली असती तं बरं झालं असतं. ती त्या पन्नीकडं पाहातच राह्यली. मंग म्हणे, खर्र्यानंच असन तं मी देवाले नारळ फोडन, अन् तुमाले आपल्या हातानं खर्रा घोटून देईन.

उठून आत गेली. डोळ्यात काही गेलं असन. चुलीजवळ मिरच्या भाजणं चालू होतं.

१९ नोव्हेंबर

खर्रा खरोखरच बंद. आता आकडा उतरन.

पण शास्त्रीय माणूस म्हणून पुरावा पाह्यजे. मीटर तपासाचं असन तं त्यात माहितीतली वस्तू घालून पाहाची असते. बशीरभाई म्हणजे ठणठणीत माणूस, अन् खर्रा माझ्या दुप्पट खाते. त्याचा आकडा वर आला की सिद्ध झालं, कॅन्सर नाई, खर्रा. त्याले म्हणलं, बशीरभाई, तुझं रक्त पाह्यजे. तो म्हणे, किडनी मांगतली असती तरी दिली असती, पर पहले सांबारवडी खिला.

कोथिंबिरीच्या गरम सांबारवड्या खाल्ल्या. माझ्याहून दोन जास्त. रक्त दिलं. सुई पाहून डोळे मिटले, अन् हे आयुष्यभर कोळशाच्या ट्रकांमधून बस चालवत होते.

२१ नोव्हेंबर

बशीरभाईचा आकडा: दोन.

दोन! सकाळी उठल्यापासून गाल फुगवून खर्रा चघळणाऱ्या माणसाचा आकडा दोन! याले काही न्याय आहे का?

म्हणजे मीटर बरोबर. म्हणजे खर्राही नाई.

हा माणूस रिपोर्ट घेऊन गल्लीभर फिरला. मी पास झालो, मी पास झालो. त्याची बायको जैनबभाभी शिरखुर्मा घेऊन आली. मी म्हणलं, भाभी, ईद नाई काही नाई. ती म्हणे, हा माणूस पहिल्यांदा कोणत्या तरी परीक्षेत पास झाला. मंग तिनं माझ्याकडं पाह्यलं अन् वाटी खाली ठेवली, अन् एकदम म्हणे, भाईजान, माफ करा. 

शिरखुर्मा चांगला होता. गरमच होता, झोंबला नाई.

२२ नोव्हेंबर

नाजिया मॅडमचा फोन. स्कॅन काऊन नाई केला? डोस लांबून राह्यला काका. मी सांगतलं, उद्या आमच्या गावची मंडई आहे, सावली तालुक्यात. मंडई झाली की लगेच. मॅडम म्हणे, मंडई म्हणजे भाजीबाजार? तो रोजच असते ना. घ्या आता! डॉक्टर झाली पण मंडई माहीत नाई. बाई, दिवाळी झाली की गावोगाव जत्रा भरते, लेकी-जावई, पाव्हणे येते, संध्याकाळी नाटक राहाते. तिले सगळं समजावलं. त्यात कॉल बराच लांबला अन् स्कॅनची तारीख ठरवाची राहून गेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मंडई गाजवली.

गाव सगळं भेटलं. सगळे म्हणाले, धनराजभाऊ, बारीक झाले, तरणेताठे दिसून राह्यले. सोमारी आत्यानं कोणत्या तरी मुळीचा काढा आणून दिला, म्हणे एका घोटात गाठ विरघळते. मी विज्ञानाचा माणूस. असल्या गोष्टी मानत नाई. दोन घोट घेतले, आत्याचं मन राखाले. गाठीचं माहीत नाई, पण बाकी सगळं विरघळलं. दुपारची मंडई मी वारलू सरपंचाच्या संडासातून आयकली.

नाटकाच्या आधी उद्घाटन असते. त्यात गावच्या नोकरदारांचा सत्कार. शाल, नारळ अन् माईक. माईक हातात आला की मले काय होते देव जाणे. मी सांगून टाकलं, मंडळी, मले कॅन्सर आहे, आकडा चढला आहे, पण हा धनराज निकुरे सलाईनले लटकून जगणारा नाई. कीमो बंद! आलेला दिवस हसून काढू अन् ताठ मानेनं जाऊ.

काय टाळ्या पडल्या! बायका पदर तोंडाले लावून राह्यल्या. कोलूबुढा, ज्यानं मले लहानपणी बोरं चोरल्याबद्दल काठीनं हाणलं होतं, त्यानं माझ्या पायाले हात लावला. सरपंचानं हार घातला. हार जरा जास्तच लांब होता. फोटोच्या मापाचा.

मंग नाटक झालं. तिसऱ्या अंकात हिरो बिमारीनं मेला, अन् मरता मरता लांबलचक भाषण करून मेला. सगळा मांडव रडला. गुणा मात्र तो खोकायला लागला तशीच उठून चहा प्याले गेली, ती पडदा पडल्यावर आली. तिले नाटकाची आवड पहिल्यापासून नाई.

व्हॅनमधी येताना तिनं हार माझ्या गळ्यातून काढून सीटखाली टाकला. फुलं चुरगळू नये म्हणून असन.

२६ नोव्हेंबर

आता बोललो तं बोललो. कीमो बंद. मर्दाचा शब्द. डोक्यावरचं ओझं उतरलं. छान वाटून राह्यलं.

भूक नाई.

२७ नोव्हेंबर

छान वाटून राह्यलं. उजव्या बरगडीखाली थोडं दुखते. गॅस असन.

सकाळी फिराले निघालो होतो. वाघीण गेली, आता अस्वल आलं म्हणते.

२८ नोव्हेंबर

मले वाटलं होतं, गुणा हात जोडन, मयुरी रडत येईन, म्हणन बाबा असं करू नका, आमच्यासाठी तरी डोस घ्या. मी थोडं ताणलं असतं. मंग म्हणलं असतं, बरं, तुमच्याकरता घेतो.

कोणी आलंच नाई. गुणानं वाल सोलले. मयुरीनं फोनवर फक्त जेवलात का विचारलं.

घरात माणसाची किंमत नाई.

१ डिसेंबर, सोमवार

स्कॅन केला. मी ठरवून नाई केला. बशीरभाई म्हणे, नागपूरले चल, व्हॅनचा एक पार्ट आणाचा आहे. मी बसलो. मागच्या सीटवर गुणा बसली. पार्ट आणाले बायको कायले, हे मले बुटीबोरी गेल्यावर सुचलं.

मशीन म्हणजे मोठा गोल दरवाजा. त्यात सरकवते. आतून बाईचा आवाज येते, साँस रोकिए. रोखला. छोड़िए म्हणली ते आयकू आलं नाई, म्हणून रोखूनच राह्यलो. बाहेरून पोरगा धावत आला.

आतमधी भीती वाटली असं नाई. एसी लय होता. झोपल्या झोपल्या गुणाच्या हाताचा लसणाचा वास येऊन राह्यला असं वाटलं. आता त्या मशीनमधी लसूण कुठून येईन?

व्हॅनच्या पार्टचं कोणी नावही काढलं नाई.

३ डिसेंबर

रिपोर्ट. मॅडमनं कॉम्प्युटरवर दाखवला. लिव्हरवरचे डाग वाढले. एक नवा आहे, लहान.

मी विचारलं, मशीनचं मागचं कॅलिब्रेशन कवा झालं? मॅडमनं पेन खाली ठेवलं. चिडली नाई. खुर्ची जवळ घेतली अन् म्हणे, काका, मशीन बरोबर आहे. रक्तही बरोबर होतं. हे औषध आता काम करत नाई.

मंग सांगतलं. एक दुसरं औषध आहे, ते सुरू करता येईन. काही जणांले चांगला फायदा होते, काही वेळ मिळते. काही जणांले नाई होत. केस जाईन, हगवण लागन, थकवा येईन. बिमारी पूर्ण जाईन असं ती म्हणणार नाई. किंवा कीमो बंद करायचं अन् फक्त त्रास कमी करायची औषधं घ्यायची. ते करणंही चूक नाई, अन् हे करणंही चूक नाई. तुमाले काय पाह्यजे ते तुमी ठरवा, म्हणे. घरी बोला.

मले काय पाह्यजे, असं मले ऑपरेशनपासून कोणी विचारलं नव्हतं. मी नुसते हातमोजे काढून परत घालून राह्यलो. एवढा मंडई गाजवणारा माणूस.

व्हॅनमधी बशीरभाईनं गाणी लावली नाई.

५ डिसेंबर

विचार करून पक्की योजना तयार. रविवारी मयुरी येते. तीन माणसं: मी, गुणा, मयुरी. तीन मीटर. मतदान. तीनपैकी दोन जे म्हणन, ते युनिटले मान्य.

कोणाले सांगायचं नाई, पण इथी लिहितो. मी मत देईन 'बंद'. मंडईत शब्द दिला आहे. गुणा अन् मयुरी देईन 'चालू', त्या आणखी काय देईन. दोन विरुद्ध एक. मी हरन. मंग मी मान हलवून म्हणन, ठीक आहे, लोकशाही आहे. माझी इज्जत राहिली, अन् डोसही झाला.

इतकी साफ योजना मी नोकरीतही केली नव्हती.

७ डिसेंबर, रविवार. दुपार

लिहितो. डोळे सुजले आहेत, मिरच्यांच्या धुरानं असन. नाई, धुरानं नाई. खरं लिहायचं ठरलं होतं.

जेवण झालं. सतरंजीवर बसवलं दोघींले. तीनपैकी दोनचा नियम समजावून सांगतला. मयुरी म्हणे, बाबा, हे काय नाटक. मी म्हणलं, मत दे. ती म्हणे, चालू. रडत म्हणे, पण म्हणे.  योजना चालून राह्यली.

मंग गुणाकडं पाह्यलं. ती पदराचं टोक बोटाले गुंडाळून राह्यली होती. म्हणे, बंद.

मले वाटलं मी चुकीचं आयकलं. परत विचारलं. परत म्हणे, बंद.

मी ओरडलो. म्हणलं, गुणा, हे काय मत झालं? चाळीस वर्षं संसार केला अन् बंद म्हणतेस? मले मारून टाकाचं आहे का तुले? तिनं पदराचं टोक सोडलं. म्हणे, महिनाभर तुमीच म्हणून राह्यले. सगळ्या गावासमोर माईकवर म्हणले. मी कायले आडवी येऊ? म्हणे, लोटा उचलताना तुमी दात खाता ते मले दिसते. उलटी झाली की नळ सोडता, आवाज येऊ नये म्हणून, ते बी आयकू येते. तुमी थकले असन तं बस करा. उन्हात खाट टाकू, गावाले जाऊन राहू, मी हाव तुमच्यासंगं. पण मले पाह्यजे म्हणून तुमी अंगात ते जहर घेऊ नका.

एक चालू. एक बंद. तिसरं मीटर मी.

दोघी माझ्याकडं पाहून राह्यल्या. मयुरीनं श्वास रोखला होता, जसा मी त्या मशीनमधी. मी म्हणलं, मोजणी परत करू. कोणी हाललं नाई. मी म्हणलं, तांत्रिक अडचण आहे, मतदान पुढच्या रविवारी. गुणा म्हणे, अजी. एवढंच म्हणे.

मंडईतला हार आठवला. तो लांब, फोटोच्या मापाचा. मले तो फोटो नाई व्हायचा. मले पुढच्या मंडईत यायचं आहे. त्या वाघिणीची पिल्लं मोठी झालेली पाहाची आहेत, दुरून. बशीरभाईसंगं भांडाचं आहे. गुणाच्या हातची सांबारवडी खाची आहे, केस गेले तं गेले, तसे आताही किती आहेत. औषध चालन का नाई, कोणालेच माहीत नाई. पण मले पाह्यजे. लय पाह्यजे. भीती वाटते. महिनाभर वाटून राह्यली.

मी हात वर केला. हातमोजा तसाच होता, लाल. म्हणलं, चालू. आवाज असा निघाला की मयुरीले दुसऱ्यांदा विचारावं लागलं. म्हणलं, चालू, चालू, बहिरी आहे का? मले जगाचं आहे. अन् मंग मी रडलो. बोंबलून रडलो. शेजारची बाई दारात येऊन गेली.

गुणानं माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. लसणाचा वास आला. म्हणे, हे तुमच्या तोंडून आयकाचं होतं मले. मी विचारलं, मी बंद म्हणलं असतं तं? ती म्हणे, तं खाट उन्हात टाकली असती. तेवढीच तयारी होती माझी.

मंग उठली अन् म्हणे, बशीरभाईले उद्यासाठी सांगून ठेवलं आहे. मी म्हणलं, कवा? म्हणे, परवाच. गाडी लागली नसती तं नको म्हणलं असतं.

तीनपैकी दोन. चालू. योजनेत जे ठरलं होतं तेच झालं. फक्त हरणारा बदलला.

खर्रा: नाई. तोंड कोरडं होतं, लक्षातच राह्यलं नाई.

८ डिसेंबर, सोमवार. नागपूर, डोस चालू असताना

डाव्या हाताले सुई, उजव्या हातानं लिहून राह्यलो. नवीन औषध. ते एका पंपातून येते, पंपाले लहान स्क्रीन आहे, त्यावर आकडे. जुनी खुर्ची मिळाल्यासारखं वाटलं. गुणा बाजूले स्टुलावर, पेंगून राह्यली. बशीरभाई खाली कॅन्टीनमधी, पास झाल्यापासून जास्तच खाते.

आताच पंपाचा अलार्म वाजला. टूं टूं टूं. लाल लाईट. बाजूच्या खाटांवरचे पेशंट घाबरले. मी त्यांले हातानं शांत केलं. म्हणलं, घाबरू नका, उभी नोकरी याच कामात गेली, मीटर खराब आहे. सिस्टरले बोलावलं, म्हणलं, दुसरा पंप लावा, हा बिघडला.

सिस्टर आली. पंपाकडं तिनं पाह्यलंच नाई. माझ्याकडं पाह्यलं. म्हणे, काका, हात वाकवू नका, नळी दबून राह्यली.

हात सरळ केला. अलार्म बंद झाला. औषध चालू आहे.